शिकाऊ उमेदवारी तुटली तर

नांदेडहून हिंगोलीकडे निघालेली एसटी अर्धापूर मागे टाकून कळमनुरी तालुक्यात शिरते आणि वारंगा फाट्यावर निम्मी रिकामी होते. अकोला–नांदेड आणि नागपूर–तुळजापूर हे दोन राष्ट्रीय महामार्ग, १६१ आणि ३६१, इथे एकमेकांना मिळतात. यवतमाळकडून येणारा ट्रक इथूनच नांदेडकडे वळतो आणि वाशीमकडून येणाराही इथूनच पुढे जातो. त्यामुळे फाट्यावर गॅरेज आहेत, टायर-पंक्चरची दुकाने आहेत, हॉटेले आहेत. आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक, फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करून बाहेर पडलेला मुलगा मात्र इथे अप्रेंटिस होऊ शकत नाही. कायद्याने ज्या आस्थापनेत तीस किंवा जास्त माणसे आहेत तिलाच शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस माणसांची आस्थापना स्वेच्छेने घेऊ शकते, पण गुरू आणि दोन हाताखालची पोरे एवढ्यावर चालणारे गॅरेज त्यातही बसत नाही. मग मुलगा नांदेडजवळच्या कृष्णूरला जातो, नाहीतर थेट वाळूज, रांजणगाव, चाकणची वाट धरतो. घरी सांगतात, पोरगा कंपनीत लागला.

तो कंपनीत लागलेला नसतो, कंपनीत शिकत असतो. हे घरच्यांना कळते ते बहुधा वर्षाच्या शेवटी किंवा मध्येच काही बिनसले की. शिकाऊ उमेदवाराच्या हातातला करार मध्येच तुटला, कंपनी बंद पडली, ऑर्डर आटल्या म्हणून 'उद्यापासून येऊ नका' असे सांगितले, तर सरकार त्याच्यासाठी काय करते, हा या प्रकरणाचा विषय आहे. उत्तर थोडक्यात असे की भत्ता मिळत नाही, पण कायद्यात एक चांगली तरतूद आहे, आणि ती जवळजवळ कोणालाच माहीत नाही.

आधी कायद्यातली त्याची जागा पाहू. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ सालचा. त्याचे १८ वे कलम सांगते की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि कामगारांविषयीचे कायदे त्याला लागू होत नाहीत. त्याला मिळते ते विद्यावेतन. २०१९ च्या नियमांनी त्याचे किमान दर शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरवले. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने ते ६,८०० ते १२,३०० करावेत अशी शिफारस केली. या विद्यावेतनाचा काही भार सरकारही उचलते. ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्राकडून येतो.

इथपर्यंत व्यवस्था ठीक आहे. चाकणमध्ये खोली, मेस आणि गावी ये-जा यांचा खर्च काढला तर एवढ्या पैशांत मुलाचे भागत नाही आणि वारंग्याहून घरचेच त्याला पैसे पाठवतात, हे आईबाप जाणतात. पण शिक्षणाचा खर्च म्हणून ते सोसतात. खरी अडचण तेव्हा येते जेव्हा हे शिक्षणच अर्ध्यावर थांबते.

नोकरी गेलेल्या कामगाराला आपल्याकडे तुटपुंजा का होईना एक आधार आहे. १ जुलै २०१८ पासून कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. विमा भरणाऱ्या कामगाराची नोकरी गेली तर ९० दिवसांपर्यंत सरासरी मजुरीचा चौथा हिस्सा त्यात मिळत असे आणि कोविडच्या काळात तो निम्म्यापर्यंत वाढवला. पण राज्य विमा कायद्यातल्या 'कर्मचारी' या व्याख्येतून १९६१ च्या कायद्याखालचा शिकाऊ उमेदवार वगळलेला आहे. भविष्यनिर्वाह निधीच्या कायद्यातही तेच. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ही व्याख्या तशीच पुढे नेली. म्हणजे ज्या दिवशी कंपनीचे फाटक बंद होते, त्या दिवशी शेजारच्या यंत्रावरचा कायम कामगार विमा कार्यालयात अर्ज करू शकतो, आणि त्याच यंत्रावर शिकणारा मुलगा पिशवी उचलून एसटी स्टँडवर येतो.

मराठवाड्याच्या वाचकाला हे विशेष खुपावे असा एक इतिहास आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांतून रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांनी तिचा पाया घातला, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता द्यावा लागेल, हे बंधन महाराष्ट्राने स्वतःवर घालून घेतले. देशाने २००५ मध्ये तेच तत्त्व उचलले. अकुशल मजुराच्या बाबतीत जे राज्य इतक्या पुढे गेले, त्याने त्याच मजुराच्या आयटीआय झालेल्या मुलासाठी असे काही बंधन स्वतःवर घातले नाही. माझ्या मते ही राज्याच्या रोजगार धोरणातली सर्वांत मोठी उणीव आहे.

आता त्या तरतुदीकडे येऊ. १९६१ च्या कायद्याचे पाचवे कलम कराराच्या नव्या बांधणीविषयी आहे. कोणत्याही कारणाने मालक करारातली जबाबदारी पार पाडू शकत नसेल, आणि दुसरा मालक त्या उमेदवाराला उरलेल्या मुदतीसाठी घ्यायला तयार असेल, तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मान्यतेने जुना करार नव्या मालकाच्या नावाने नोंदवता येतो. नोंद झाली की तोच करार पुढे चालू आहे असे मानले जाते. याचे महत्त्व कागदावर वाचून चटकन ध्यानात येत नाही. समजा वारंगा फाट्याच्या एका मुलाने वर्षाच्या उमेदवारीपैकी आठ महिने पूर्ण केले आणि कंपनी बसली. गावी परतून त्याने पुन्हा नव्याने कुठे उमेदवारी शोधली तर ते आठ महिने पाण्यात जातात. पाचवे कलम वापरले तर त्याला फक्त चार महिन्यांची जागा शोधायची असते. उमेदवारी पूर्ण झाली तरच त्याला अखिल भारतीय परीक्षेला बसता येते आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते, आणि महावितरण, एसटी महामंडळ, रेल्वे यांच्या भरतीत ते प्रमाणपत्र मोलाचे ठरते. चार महिने आणि बारा महिने यांतला फरक एका कुटुंबाच्या दृष्टीने हंगामभराच्या कमाईइतका आहे.

सातवे कलम करार मोडण्याविषयी आहे. करार एकतर्फी मोडता येत नाही. त्यासाठी सल्लागाराकडे अर्ज करावा लागतो आणि दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकून तो निर्णय देतो. मालकाने अटी न पाळल्यामुळे करार संपला, तर १९९२ च्या नियमांप्रमाणे शेवटच्या विद्यावेतनाच्या तिपटीइतकी भरपाई उमेदवाराला मिळते. उमेदवाराच्या चुकीने संपला तर प्रशिक्षणाचा खर्च त्याच्याकडून वसूल होऊ शकतो, म्हणून रागाच्या भरात 'मीच सोडतो' असे लिहून देणे महागात पडते. कामावर असताना दुखापत झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावरच असते, हे सोळाव्या कलमात आहे. आणि वाद झाला तर विसावे कलम पुन्हा सल्लागाराकडेच पाठवते. त्याचा निर्णय पटला नाही तर तीस दिवसांत परिषदेकडे दाद मागता येते.

म्हणजे आधार आहे. तो मागणारा मात्र फार कमी वेळा पुढे येतो, कारण कराराची प्रत मुलाच्या हातात नसते, शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवरचा त्याचा नोंदणी क्रमांक कंपनीच्या माणसाने टाकलेला असतो, आणि 'सल्लागार' नावाचा अधिकारी आयटीआयच्या यंत्रणेतूनच गाठता येतो हे त्याला कोणी सांगितलेले नसते. मार्च २०२० च्या टाळेबंदीत केंद्राच्या कौशल्य विकास मंत्रालयाने कंपन्यांना उमेदवारांचे विद्यावेतन पूर्ण द्यायला सांगितले आणि सरकारी वाटा परत देण्याची हमी दिली. तरीही औद्योगिक पट्ट्यांतून गावाकडे निघालेल्या गर्दीत शिकाऊ मुले होती. आदेश निघतो मंत्रालयातून. तो पोरापर्यंत पोहोचवायला मध्ये माणूस लागतो.

त्याच वर्षी इतर देशांनी काय केले हे पाहण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियाने मार्च २०२० मध्ये लहान व्यवसायांतल्या शिकाऊंच्या वेतनाचा निम्मा भार सरकारकडे घेतला, आणि कामावरून गेलेल्या शिकाऊला दुसऱ्या कोणी घेतले तर त्या नव्या मालकालाही तीच मदत दिली. ब्रिटनने ऑगस्ट २०२० मध्ये नोकरी गेलेल्या शिकाऊंसाठी वेगळी साहाय्य सेवा उघडली. तिथला नियम असा की उमेदवारीचे शेवटचे सहा महिने उरले असतील किंवा पाऊण भाग झाला असेल, तर मालक नसतानाही शिक्षण पुरे करता येते. जर्मनीत शिकाऊ मुळातच बेकारी विम्याच्या कक्षेत आहे. वर दिवाळखोर कंपनीच्या शिकाऊला घेणाऱ्या कंपनीला सरकारने आधी ३,००० आणि पुढे ६,००० युरोंचे अनुदान दिले. या तिन्ही देशांत मुलाच्या हातात पैसे ठेवण्यापेक्षा त्याचे अर्धवट शिक्षण पुरे होण्यावर भर होता. आपल्या पाचव्या कलमाचा हेतू नेमका हाच आहे, आणि तो साठ वर्षे जुना आहे. त्याला जोड हवी ती दुसऱ्या मालकाला दिलेल्या प्रोत्साहनाची.

आता महाराष्ट्रातल्या अलीकडच्या एका प्रयोगाकडे वळतो, कारण वारंग्यासारख्या गावाला त्याचा अनुभव थेट आला. २८ जून २०२४ च्या अर्थसंकल्पात अजित पवारांनी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जाहीर केली आणि ९ जुलैला तिचा शासन निर्णय निघाला. लोकांनी तिला 'लाडका भाऊ' म्हटले, पण तीत बहिणीही तितक्याच उत्साहाने आल्या. वय १८ ते ३५, महास्वयम् पोर्टलवर नोंदणी, सहा महिने प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, आणि थेट खात्यात विद्यावेतन: बारावीला ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००. वर्षाला दहा लाख तरुणांचे उद्दिष्ट होते. पहिल्या फेरीत लाखाहून अधिक रुजू झाले आणि त्यातले फार मोठे प्रमाण सरकारी कार्यालयांत गेले: ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेच्या शाळा, तहसील, आरोग्य विभाग. ज्या जिल्ह्यात मोठे कारखाने बोटांवर मोजण्याइतके आहेत तिथे दुसरे काही होण्यासारखे नव्हते.

या योजनेने एक मोठी गोष्ट केली, ती सांगितली पाहिजे. लग्न झालेली, कडेवर मूल असलेली पदवीधर स्त्री चाकणला जाऊन अप्रेंटिस करू शकत नाही. ती गावच्या ग्रामपंचायतीत किंवा शाळेत बसू शकते. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले आहे, त्यामुळे कळमनुरी किंवा हिंगोलीच्या कार्यालयापर्यंतही ती रोज जाऊ शकते. अशा अनेक जणींच्या नावाने बँक खात्यात पहिल्यांदा महिन्याचा पगार म्हणावा असा काही जमा झाला. त्यांनी दाखले टाइप केले, ऑनलाइन अर्ज भरले, वर्ग सांभाळले. वर्षानुवर्षे रिकाम्या पदांमुळे वाकलेल्या कार्यालयांना त्यांची सवय झाली.

आणि सहा महिने संपले. आंदोलने झाली, मुंबईच्या आझाद मैदानापर्यंत मुले गेली. २०२५ मध्ये सरकारने पाच महिन्यांची वाढ दिली. अकरा महिने पूर्ण झाले तेव्हा तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. योजनेच्या शासन निर्णयात हे स्पष्ट होते की हे प्रशिक्षण आहे, नोकरीचा हक्क त्यातून निर्माण होत नाही. कायद्याने सरकारची बाजू बरोबर आहे. पण अकरा महिने माणसाकडून रोजचे काम करून घ्यायचे आणि शेवटच्या दिवशी ते केवळ शिक्षण होते असे म्हणायचे, हे मला न्यायाचे वाटत नाही. शिक्षण होते असे मानायचे असेल तर त्याचे मोल पुढच्या भरतीत कुठेतरी दिसले पाहिजे.

तसे मोल दिल्याचे उदाहरण याच राज्यात आहे. तलाठी किंवा जिल्हा परिषद भरतीची जाहिरात वाचणाऱ्याने त्यात 'पदवीधर अंशकालीन उमेदवार' हा रकाना पाहिलेला असतो. सुशिक्षित बेरोजगारांना अर्थसाहाय्य देण्याच्या जुन्या योजनेत ज्यांनी सरकारी कार्यालयांत तीन वर्षांपर्यंत दरमहा मानधनावर काम केले, त्यांच्यासाठी हा रकाना आहे. वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्यानंतर त्यांना दहा टक्के समांतर आरक्षण मिळाले आणि वयोमर्यादा पंचावन्नपर्यंत वाढवली गेली. पंचावन्नाव्या वर्षी नव्याने शिपाई किंवा लिपिक म्हणून रुजू होण्याची सोय करावी लागते, यावरूनच त्या पिढीचा किती काळ वाट पाहण्यात गेला हे दिसते. युवा प्रशिक्षणार्थ्यांच्या बाबतीत हाच निर्णय तीस वर्षांनी घेण्यापेक्षा आता घेणे शहाणपणाचे आहे: गट क आणि ड च्या भरतीत अकरा महिन्यांच्या प्रशिक्षणाला काही गुण आणि तेवढ्याच काळाची वयात सवलत. प्रत्येकाला कायम करणे कोणत्याही सरकारला शक्य नाही, आणि तसे आश्वासन देणाऱ्यांनी या मुलांचे नुकसानच केले आहे. गुण आणि वयाची सवलत देणे मात्र शक्य आहे.

न्यायालयाची दिशाही हीच आहे. उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या शिकाऊंच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले की उमेदवारी पूर्ण केली म्हणून नोकरीचा हक्क मिळत नाही, पण बाकी सारे समान असेल तर बाहेरून येणाऱ्यापेक्षा प्रशिक्षित शिकाऊला प्राधान्य द्यावे. सेवायोजन कार्यालयाकडून नाव यावे ही अट त्याच्यावर घालू नये, प्रशिक्षणात गेलेल्या काळाइतकी वयाची सूट द्यावी, आणि प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेने वर्षवार शिकाऊंची यादी ठेवावी, असेही त्यात आहे. पुढे २०१४ च्या दुरुस्तीने प्रत्येक मालकाने आपल्याकडच्या शिकाऊंना नोकरीत घेण्याविषयी स्वतःचे धोरण ठरवावे असे कायद्यात आले. हे धोरण काय आहे, असे प्रत्येक शिकाऊला आपल्या कंपनीला विचारता येते, आणि रुजू होतानाच विचारावे.

हिंगोली जिल्ह्याला येत्या काही वर्षांत एक संधी आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरी शोधणारी वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. वसमतला हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र आले आहे. अशा बांधकामांना वेल्डर, इलेक्ट्रिशियन, फिटर, वातानुकूलन यंत्रणेचे कारागीर लागतात. शिकाऊ उमेदवारांची संख्या मोजताना कंत्राटी माणसेही धरावीत असे कायदा सांगतो, त्यामुळे मोठ्या कंत्राटदारांवर शिकाऊ घेण्याचे बंधन येते. बाहेर कुठे उमेदवारी तुटलेल्या जिल्ह्यातल्या मुलांची यादी आयटीआयने तयार ठेवली आणि जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राने ती या कंत्राटदारांपुढे ठेवली, तर पाचवे कलम वापरात येईल. यासाठी नवी योजना लागत नाही, नवा निधीही फारसा लागत नाही.

ज्याला नोकरीच्या मागे जायचे नाही, त्याच्यासाठी मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. त्यात प्रकल्प खर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान मिळते, थोडा वाटा स्वतःचा, बाकी बँकेचे कर्ज. दोन महामार्गांच्या तिठ्यावर चांगले शिकलेल्या डिझेल मेकॅनिकला काम कमी पडणार नाही. अर्ज जिल्हा उद्योग केंद्राकडे जातो.

शेवटी, ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी आज कुठे शिकाऊ आहे त्या घरासाठी. कराराची छापील प्रत पहिल्याच आठवड्यात मागून घ्या आणि शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर तो नोंदला गेला की नाही ते स्वतः पाहा. विद्यावेतन बँकेतूनच घ्या, आणि हजेरीचा, जमा रकमेचा पुरावा महिन्याच्या महिन्याला ठेवा. कंपनीने थांबवले तर राजीनामा लिहून देऊ नका. ज्या आयटीआयमधून शिकून बाहेर पडलात तिथे जाऊन शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या नावे लेखी अर्ज द्या, त्यात कलम ५ प्रमाणे उरलेल्या मुदतीसाठी दुसरी आस्थापना मिळावी असे स्पष्ट लिहा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.